लाकूड विज्ञान शिकायला निघालात? अर्जापासून प्रबंधापर्यंतची वाट

लाकडाचा अभ्यास करायला येणारे बहुतेक जण दोनपैकी एका ओढीने येतात. काहींना हाताने वस्तू घडवायला आवडतं, तर काहींना सिमेंट, पोलाद आणि प्लास्टिकला पर्याय शोधायचा असतो. मी दुसऱ्या गटातली. वर्गात बसल्यावर समोर आलं ते मात्र वेगळंच होतं: पेशींची रचना, बलशास्त्र, सेंद्रिय रसायन, संख्याशास्त्र आणि या सगळ्याच्या मुळाशी पाणी. हे आधी कुणी सांगितलं असतं, तर माझं पहिलं वर्ष इतकं चाचपडण्यात गेलं नसतं. म्हणून हा लेख.

एक प्रश्न आत्ताच सोबत घ्या: "हा तुकडा आला कुठून?" विभाग निवडताना त्याचा उपयोग नाही, पण प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की पदवी मिळेपर्यंत तो रोज लागेल.

१. विभागाचं नाव नाही, अभ्यासक्रम वाचा

शोधयंत्रात फक्त "लाकूड" हा शब्द टाकलात, तर निम्मे अभ्यासक्रम सापडणारच नाहीत. व्हँकूव्हरच्या युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियात आणि ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत विभागाच्या नावात "वुड सायन्स" आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत याच नावाने एम.एस्सी. करता येते. व्हर्जिनिया टेकमध्ये मात्र विभागाचं नाव "सस्टेनेबल बायोमटेरियल्स" आहे आणि नॉर्थ कॅरोलिना स्टेटमध्ये "फॉरेस्ट बायोमटेरियल्स". विषय एकाच घराण्यातले, दारावरच्या पाट्या निराळ्या. कुठे हा विषय वनशास्त्रात असतो, कुठे स्थापत्य किंवा रसायन अभियांत्रिकीत.

आत शिरून विषयांची यादी पाहिली की विभागाचा कल लक्षात येतो. काही विभाग लाकडाची शरीररचना आणि ओळख यात मुरलेले असतात, काही इमारती आणि जोडण्यांमध्ये, काही लगदा, सेल्युलोज (पेशीभित्तिकेतले तंतू) आणि लिग्निन (त्यांना बांधून ठेवणारा पदार्थ) यांच्या रसायनात. तुमचा जीव कशात रमतो हे अजून ठरलं नसेल, तर जिथे पहिल्या वर्षी तिन्हींची ओळख होते तो विभाग घ्या.

विभागाला पत्र लिहून एवढं जरूर विचारा:

- पदार्थाची ताकद मोजणारं चाचणीयंत्र, मायक्रोटोम (अतिपातळ काप काढणारं यंत्र), लाकूड सुकवण्याची भट्टी आणि हवामान-नियंत्रित खोली आहे का? असल्यास पदवीच्या विद्यार्थ्यांना हात लावू देतात का?
- कारखान्यातलं प्रशिक्षण सक्तीचं आहे की ऐच्छिक? ते विभाग मिळवून देतो की तुम्ही शोधायचं?
- मागच्या तीन वर्षांतल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचे विषय कोणते होते?

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून विभागाचं खरं रूप कळतं. "शाश्वतता" नावात आहे, पण सगळे प्रबंध धोरणं आणि सर्वेक्षणं यांवरच, असं दिसलं तर तिथे पदार्थविज्ञान कमी आहे असं समजा. धोरण शिकायचं असेल तर तो उत्तम अभ्यासक्रम ठरेल. पण लाकूड समजून घ्यायचं असेल तर दुसरीकडे बघा.

इथे एक मोठा खड्डा आहे. लाकडी इमारतींचे आराखडे सही करून मंजूर करायचे असतील, तर त्यासाठी अभियंत्याचा परवाना लागतो आणि लाकूड विज्ञानाच्या पदवीवर तो बहुतेक ठिकाणी मिळत नाही. माझ्याबरोबरच्या दोघांना हे तिसऱ्या वर्षी कळलं. अर्जाआधीच विचारा.

२. कागदपत्रं

- आधीच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका
- शिकलेल्या विषयांचा तपशीलवार अभ्यासक्रम (नुसत्या गुणपत्रिकेवरून परीक्षकांना तुमचं रसायनशास्त्र किती खोल आहे ते कळत नाही)
- दोन किंवा तीन शिफारसपत्रं, त्यातलं एक तरी तुम्हाला प्रयोगशाळेत काम करताना पाहिलेल्या शिक्षकांचं
- उद्देशपत्र
- लागू असेल तिथे भाषेच्या परीक्षेचा निकाल
- ओळखपत्र किंवा पासपोर्ट
- स्वतः केलेलं काही काम असेल तर त्याचे फोटो आणि टिपणं

यातल्या अभ्यासक्रमाच्या तपशिलाला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण तो जुन्या विद्यापीठाकडून शिक्का मारून आणावा लागतो. त्याला आधी हात घाला.

उद्देशपत्रात "मला निसर्गाची आवड आहे" हे वाक्य नको. तो अर्ज वाचणारी व्यक्ती असली पन्नास वाक्यं वाचून बसलेली असते. त्याऐवजी एक प्रश्न लिहा. दमट हवेत दार चौकटीत घट्ट बसतं आणि कोरड्या हवेत सैल होतं, पण दाराची उंची मात्र बदलल्याचं कधी जाणवत नाही, असं का? हा प्रश्न तुम्हाला कसा पडला, उत्तर शोधायला काय केलंत आणि कुठे अडलात, हे दोन परिच्छेदांत मांडलंत तरी पुष्कळ झालं.

पदव्युत्तर किंवा पीएच.डी.साठी जात असाल, तर मार्गदर्शकांना थेट लिहा. त्यांचा एखादा शोधनिबंध नीट वाचा आणि त्यावर एकच नेमका प्रश्न विचारा. शिष्यवृत्ती बहुधा चालू प्रकल्पाशी बांधलेली असते, त्यामुळे "सध्या कोणत्या प्रकल्पात जागा आहे" हे विचारण्यात काही गैर नाही.

३. जाण्याआधी काय पक्कं करायचं

संख्याशास्त्र. बाकी सगळं वर्गात शिकवतात, पण हे तुम्हाला येतं असं गृहीत धरतात. सरासरी, प्रमाण विचलन, विचरण विश्लेषण (अ‍ॅनोव्हा) आणि समाश्रयण (रिग्रेशन) एवढं पक्कं करा. आर ही भाषा फुकट आहे, तिच्यातच सराव करा. प्रतिमा मोजायला इमेजजे आणि वस्तूच्या जीवनचक्राचा, म्हणजे कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतच्या पर्यावरणीय परिणामांचा, हिशेब मांडायला ओपनएलसीए, हीसुद्धा मोफत मिळतात. अमेरिकेतल्या मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीचं लाकडाच्या गुणधर्मांवरचं जाडजूड हँडबुकही मोफत उतरवून घेता येतं. त्यातली ओलाव्याची आणि यांत्रिक गुणांची प्रकरणं आधी चाळलीत तर पहिलं सत्र हलकं जाईल.

४. आधी पाणी समजून घ्या

घाई असेल तर बाकीचं नंतर वाचा, पण हा भाग आत्ता वाचा.

लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. झाड तोडल्यावरही हे थांबत नाही, शंभर वर्षं जुन्या तुळईतही चालूच असतं. पेशींच्या पोकळीतलं पाणी आधी उडून जातं आणि तोवर लाकडाचं आकारमान बदलत नाही. पोकळ्या रिकाम्या होऊन फक्त पेशीभित्तिकांत पाणी उरतं, त्या टप्प्याला तंतू-संपृक्तता बिंदू म्हणतात. साधारण २८ ते ३० टक्के ओलाव्याला तो येतो. आकुंचन सुरू होतं ते त्याच्या खाली. ताकद वाढायला लागते तीही तिथूनच.

हे आकुंचन तिन्ही दिशांना सारखं नसतं. वलयांच्या कडेने, म्हणजे स्पर्शरेषेच्या दिशेने, ते सगळ्यात जास्त. गाभ्याकडून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने, त्याच्या साधारण निम्मं. खोडाच्या लांबीच्या दिशेने मात्र जेमतेम ०.१ ते ०.३ टक्के. दाराची उंची न बदलण्याचं कारण हेच. फळी वाकते, पिळते, टोकाला तडकते, त्यामागे बहुतेक वेळा हाच फरक असतो.

आकडे घालून बघा. फळी २०० मि.मी. रुंद आहे, तिची रुंदी स्पर्शरेषेच्या दिशेने आहे आणि पूर्ण सुकेपर्यंत त्या दिशेने ती एकूण ८ टक्के आकसते. संपृक्तता बिंदू २८ टक्के धरला, तर ओलावा एका टक्क्याने उतरला की सुमारे ०.२९ टक्के आकुंचन. ओलावा १२ वरून ८ वर आला, तर फळी जवळपास २.३ मि.मी. अरुंद होते. पाच फळ्या शेजारी शेजारी चिकटवल्या असतील तर ११ मि.मी.हून जास्त. खिळे मारून हे थांबवता येत नाही, जोडणीतच हलायला जागा ठेवावी लागते.

ओलावा मोजण्याची पद्धत साधी आहे. तुकडा तोला, १०३ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, पुन्हा तोला. समजा आधी १४.५६ ग्रॅम होता आणि नंतर १३.०० ग्रॅम. फरक १.५६. त्याला कोरड्या वजनाने भागा, ओलावा १२ टक्के. नव्याने कापलेला तुकडा ३० ग्रॅमचा असून सुकल्यावर १३ ग्रॅम उरला, तर ओलावा १३१ टक्के येतो. शंभराच्या वरचा आकडा पाहून मी पहिल्यांदा सगळं गणित खोडून काढलं होतं. ते बरोबर होतं.

सापळा असा की लगदा आणि जळणाच्या क्षेत्रात ओल्या वजनाने भागतात. तोच तुकडा तिथे ५७ टक्के ओला ठरतो. शोधनिबंधातले दोन आकडे जुळत नसतील, तर आधी भाजक तपासा. घनतेचंही तसंच आहे: कोरडं वस्तुमान भागिले ओलं आकारमान, की १२ टक्क्यांवर दोन्ही? हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा वापरू नका.

५. हाताशी लागणारी साधनं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, धारदार पातं, ०.०१ मि.मी.पर्यंत मोजणारं व्हर्नियर, शिसपेन्सिल, पक्क्या बांधणीची वही आणि धुळीचा चांगला मास्क. मास्कवर काटकसर नको. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवली आहे. दोन मिनिटं घासायचं आहे म्हणून मास्क न लावणारे पुष्कळ दिसतील, त्यांचं अनुकरण करू नका.

भिंग आणि पातं वापरायला शिका, कारण लाकूड ओळखणं तिथे सुरू होतं. तुकड्याच्या आडव्या छेदावर करवतीच्या खुणा असतात, त्यामुळे नुसतं पाहिलं तर काहीच दिसत नाही. पाण्याचं बोट फिरवा आणि पातं जवळजवळ आडवं धरून, दाबण्यापेक्षा सरकवत, नखाएवढी जागा कापा. दातेरी, मळकट पृष्ठभागाच्या मधोमध अचानक गुळगुळीत चौकोन उमटतो आणि त्यात वलयं, किरणं (गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या रेषा), छिद्रं स्वच्छ दिसायला लागतात. छिद्रं म्हणजे वाहिन्यांची तोंडं. ती वलयाच्या सुरुवातीला रांगेने मोठी आहेत की सगळीकडे सारखी विखुरलेली, हे पहिलं निरीक्षण. ती मुळीच नसतील तर बहुतेक सूचिपर्णी झाड.

इथे "कठीण" (हार्डवुड) आणि "मऊ" (सॉफ्टवुड) या नावांनी फसू नका: रुंदपर्णी झाडांचं लाकूड "कठीण", सूचिपर्णींचं "मऊ". ही विभागणी वनस्पतिशास्त्राची आहे, हाताला काय लागतं त्याची नाही. बाल्सा, ज्यात नख रुततं, तो "कठीण" गटात मोडतो. गंमत अशी की पेशीभित्तिकेचा पदार्थ सगळ्या लाकडांत जवळपास सारख्याच घनतेचा असतो, घनमीटरला सुमारे १५०० किलो. बाल्सा तरंगतो आणि लिग्नम व्हायटी बुडतं ते मधल्या पोकळ्यांच्या हिशेबाने.

सूक्ष्मदर्शकासाठी तुकडा आधी पाण्यात शिजवून मऊ करतात आणि मायक्रोटोमवर १५ ते २० मायक्रॉनचे काप काढतात. पहिले तीस-चाळीस वाया जातात, वळतात, फाटतात. मग एक अखंड निघतो. सॅफ्रानिन आणि अ‍ॅस्ट्रा ब्लू लावलं की लिग्निन असलेला भाग लाल आणि नुसतं सेल्युलोज निळं. तिरप्या वाढलेल्या रुंदपर्णी झाडाच्या खोडाच्या वरच्या बाजूचा काप असेल, तर तंतूंच्या आत निळं कडं दिसतं. झाडाने स्वतःला सरळ ओढायला बनवलेलं ते ताण-काष्ठ. मी तो काप अर्धा तास बघत बसले होते.

शरीररचनेसाठी आंतरराष्ट्रीय काष्ठरचनाशास्त्र संघटनेची १९८९ची यादी वापरतात. रुंदपर्णी, म्हणजे वाहिन्या असलेल्या लाकडांच्या १६३ लक्षणांना तिने क्रमांक दिलेत. पाठ करू नका, वापरत राहा.

६. तुकड्याचा जन्मदाखला

आता तो प्रश्न. हा तुकडा आला कुठून?

पहिल्या प्रकल्पात मी वाकण्याच्या चाचणीसाठी २० बाय २० मि.मी.चे चाळीस नमुने कापले आणि मार्करने क्रमांक टाकले. निम्मे पाण्यात बुडवायचे होते. चार दिवसांनी बाहेर काढले, तर शाई पसरून सगळ्यांवर एकसारखे निळसर डाग. कोणता कोणत्या फळीतला, काहीच कळेना. पुन्हा कापण्यात तीन आठवडे गेले. शिसपेन्सिलने लिहा. पाण्यात ती जात नाही, भट्टीतही टिकते. आणि एकच टोक न लिहिता मधल्या पृष्ठभागावरही लिहा, कारण टोकं कापली जातात.

त्याहून महागात पडणारी चूक शाईची नाही, मोजणीची आहे. एका फळीतून तीस नमुने कापले म्हणजे तीस स्वतंत्र निरीक्षणं झाली असं वाटतं. झालेली नसतात. ते एका झाडाच्या एका बाजूचे तीस सख्खे भाऊ आहेत. एका जातीबद्दल विधान करायचं असेल, तर अनेक झाडं लागतात, आणि विश्लेषणात झाड, फळी, नमुना असे थर वेगळे ठेवावे लागतात. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत मला पहिला प्रश्न हाच आला: "झाडं किती?"

प्रत्येक नमुन्यासाठी वहीत एवढं हवंच: जातीचं शास्त्रीय नाव, झाड क्रमांक, खोडातली उंची, गाभ्यापासूनचं अंतर, छेदाची दिशा, कापल्याची तारीख, त्या वेळचा ओलावा. गाभ्याजवळच्या पहिल्या काही वलयांचं लाकूड कोवळं असतं. त्यातले सेल्युलोजचे सूक्ष्मतंतू जास्त तिरपे असल्यामुळे ते लांबीच्या दिशेने जास्त आकसतं आणि कमी ताठ असतं. अंतर लिहून ठेवलं नसेल, तर हा फरक तुमच्या निकालात येऊन बसतो आणि तुम्ही त्याचं श्रेय भलत्याच प्रक्रियेला देता.

७. "शाश्वत" हा हिशेब आहे

मी ज्या कळकळीने आले होते ती इथे कामाला लागली, पण आधी गणित शिकावं लागलं.

कोरड्या लाकडाच्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बन असतो. एका घनमीटरमध्ये ४५० किलो कोरडं लाकूड असेल तर २२५ किलो कार्बन, आणि त्याला ४४ भागिले १२ ने गुणलं की सुमारे ८२५ किलो कार्बन डायऑक्साइड. जाहिरातीत इथेच पूर्णविराम पडतो. तुमचा पुढचा प्रश्न असा हवा: हे लाकूड किती वर्षं वापरात राहील आणि शेवटी त्याचं काय होईल? जाळलं किंवा कुजलं तर साठवलेला कार्बन परत हवेत. तोडल्या जागी जंगल पुन्हा उभं राहिलं का? सुकवायला कोणतं इंधन लागलं? डिंक कोणता? युरिया-फॉर्माल्डिहाइडने चिकटवलेलं प्लायवुडसारखं पटल घरात फॉर्माल्डिहाइड वायू सोडतं आणि पुनर्वापर अवघड करतं.

जीवनचक्र मूल्यमापनाची चौकट आयएसओ १४०४० आणि १४०४४ या मानकांत आहे. दोन अहवालांची तुलना करण्याआधी सीमारेषा पाहा. एकाने कारखान्याच्या दारापर्यंतच मोजलं असेल आणि दुसऱ्याने पाडकामापर्यंत, तर ते आकडे शेजारी ठेवू नका. एफएससी (१९९३) आणि पीईएफसी (१९९९) ही प्रमाणपत्रं जंगलाचं व्यवस्थापन आणि लाकडाचा माग सांगतात. वस्तूच्या एकूण कार्बनबद्दल ती काही म्हणत नाहीत.

उदाहरण म्हणून नॉर्वेतली म्योस्टॉर्नेट ही इमारत अभ्यासा. २०१९ साली पूर्ण झालेली, ८५.४ मीटर उंच, सांगाडा लाकडी. तिच्या वरच्या मजल्यांच्या जमिनी मात्र काँक्रीटच्या आहेत. लाकूड हलकं, त्यामुळे वाऱ्यात उंच इमारत जास्त डोलते, म्हणून मुद्दाम वजन घातलं. ही लबाडी नव्हे, चांगली अभियांत्रिकी आहे. "लाकडी इमारत" म्हणताना काय काय मोजायचं, हे असल्या उदाहरणांतून कळतं.

८. प्रशिक्षण, काम आणि प्रबंध

प्रशिक्षणासाठी आरागिरणी मिळाली तर नाक मुरडू नका. एका ओंडक्यातून किती फळ्या निघतात आणि किती भुसा होतो, ते तिथे दिसतं. पुढे पटलांचे कारखाने, मोठ्या लाकडी बांधकामांच्या कंपन्या, लगदा आणि जैवरसायनं, चाचणी प्रयोगशाळा असे रस्ते आहेत. कमी माहिती असलेले दोन: साइट्स (संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यात असलेल्या जातींची तस्करी पकडण्यासाठी लाकूड ओळखणं, आणि जुन्या वस्तूंचं जतन. १६२८ साली बुडालेलं वासा हे स्वीडिश जहाज १९६१ मध्ये वर काढलं, तेव्हा सुकताना ते तडकू नये म्हणून त्यावर सतरा वर्षं पॉलिइथिलिन ग्लायकॉल, म्हणजे लाकडात पाण्याची जागा घेणारं मेणासारखं रसायन, फवारत होते. चौथ्या मुद्द्यातलंच पाणी, फक्त जहाजाएवढं.

प्रबंधाचं वेळापत्रक करताना हवामान-नियंत्रित खोलीची जागा सगळ्यात आधी राखून घ्या. २० अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला नमुने ठेवायचे, म्हणजे ते साधारण १२ टक्क्यांवर स्थिरावतात. जाड तुकड्यांना कित्येक आठवडे लागतात. वजन स्थिर होईपर्यंत चाचणीयंत्राकडे जाता येत नाही आणि मार्गदर्शकही यात सूट देत नाहीत. मी रोज सकाळी तेच बारा नमुने तोलून वहीत आकडे लिहायचे. सलग तीन वजनं जुळली की यंत्राची वेळ मागायची.